बद्द आणि खणखणीत

बाबा, तुमची लांब दांड्याची हातोडी
अजून कूलरमागे उभी आहे.
एकतीस वर्षं नागपूर स्टेशनात
गाडी थांबली की रुळांत उतरायचं,
चाकामागून चाक, एकेक ठोका,
आणि डोकं थोडं डावीकडे कललेलं.
खणखणीत: जाऊ द्या.
बद्द: डबा कापा.
हजार माणसं झोपेत त्या एका कानाच्या भरवशावर,
आणि साहेबाला तुमचं नावही पाठ नव्हतं,
शालिकराम की सालीग्राम.

काल मानेवाड्याच्या गच्चीवर
दोन बादल्या पाणी मारलं तरी फरशी भाजत होती.
तुम्ही विचारलंत,
‘काय मोजत राह्यते वो तू दिवसभर?’

म्हटलं, दोन काळी तोंडं आहेत.
एक विहिरीचं, एक भुयाराचं.
लांबून दोन्ही सारखीच,
शेजारून जाणारा उजेड दोन्ही वाकवतात,
दोन्हींची सावली गोल.
कृष्णविवरात गेलं ते गेलं.
कृमिविवर असलंच कुठे,
तर त्याला पलीकडे दार असेल,
असं अजून फक्त कागद म्हणतो.

‘कृमी म्हंजे कीडच ना? संत्र्यातली?’
हो. सालीवरून न फिरता
फोडींतून आरपार जाणारी.
‘मंग ठोकून पाहा नं.’

तुम्ही हसलात. पण आम्ही तेच करतो, बाबा.
म्हणजे ठोकत नाही, ठोका पडायची वाट बघतो.
दोन अवजड काळोख एकमेकांवर आदळतात,
अवकाश घंटेसारखं थरथरतं,
आणि अब्जावधी वर्षांनी तो थरथराट
आमच्या यंत्रात येतो, अणूहूनही बारीक होऊन.
कृष्णविवर एकदाच वाजतं, लगेच विझतं.
कृमिविवर विझल्यावर थोडं थांबून
पुन्हा वाजेल, हलकं,
मग आणखी हलकं,
आत कुठेतरी आपटून परतल्यासारखं.

‘आजवर?’
आजवर कृष्णविवरंच.
नाहीतर आमचे कान कच्चे.

उमरेड रोडच्या दिव्यांवर धनू रास चढली होती.
बोट दाखवून सांगितलं, तिथे, धुळीच्या पाठीमागे,
आकाशगंगेच्या मधोमध एक काळं वजन आहे
आणि त्याला घिरट्या घालणारा एक तारा.
एक फेरा सोळा वर्षांचा.
तिथे भुयार असेल आणि पलीकडे कोणी तारा असेल,
तर त्याची ओढ भुयारातून इकडे झिरपेल,
आणि आपल्या ताऱ्याची वाट
केसभर चुकेल.
ती चूक मोजायला अजून कित्येक वर्षं जातील.

तुम्ही काही बोलला नाहीत.
तांब्या उचललात, प्यायला नाहीत.

मला दुसरी एक वाट माहीत आहे.
सुमेध गेला त्याला चौदा वर्षं झाली,
ना पत्र, ना फोन, ना कुठल्या ठाण्यातून निरोप.
तुम्ही दर महिन्याला किंग्जवेला पेन्शन आणता.
येताना सरळ सीताबर्डीवरून यावं,
तर तुम्ही पूल चढून, फलाट ओलांडून
संत्रा मार्केटच्या दारानं बाहेर पडता.
आई म्हणायची, जुनी सवय.
मी वही ठेवली नाही. पण मोजलंय.
चाळीस मिनिटं. दर वेळी.

आता हेही सांगायला हवं,
कारण हिशेबात खोटं चालत नाही:
वाट वाकलेली सापडली
म्हणून पलीकडे कोणी आहेच असं नाही.
इकडेच एखादं न दिसणारं वजन असू शकतं.
ओढ तेवढीच,
वळणही तेवढंच.
ते वगळल्याशिवाय
आम्ही तोंडातून शब्द काढत नाही.

दोनच्या सुमारास वारा पडला.
अजनी यार्डातून मालगाडी निघाली,
एकेक डबा खडखडत.
तुम्ही झोपलेलेच होता, उशीवर
डोकं मात्र थोडं डावीकडे कललं.
‘बद्द हाये,’ म्हणालात.

मी उठून बसले.
कोणतं, ते विचारेपर्यंत
गाडी गेली होती.